दफ्तराच्या खोलीतील तबकडी

अहिल्यानगरजवळच्या मेहेराबाद येथे फेब्रुवारी 1969 मध्ये मेहेरबाबांच्या देहाला समाधी देण्यात आली, त्या प्रसंगी त्यांच्याच इच्छेनुसार ‘बिगिन द बिगीन’ या गीताची ध्वनिमुद्रिका वाजविण्यात आली. अशा या जिल्ह्यात, घरूनच कचेरीचे कामकाज पाहणाऱ्या एखाद्या रसिकाने जुन्या तबकड्या आणि इंटरनेटवरील संगीत एकाच खोलीत नांदविण्याचा संकल्प केला, तर तो मला सर्वथा स्वागतार्ह वाटतो.

या तजविजीचे मर्म फोनो-प्रीअ‍ॅम्प्लिफायरमध्ये आहे. तबकडी कोरताना मंद्र स्वर क्षीण आणि तार स्वर प्रबल करण्याचा दस्तूर 1954च्या सुमारास सर्वमान्य झाला. सुईकडून येणारा, जेमतेम काही मिलिव्होल्टांचा विद्युत्संकेत वर्धित करून ते संतुलन पूर्ववत करणे, हे या उपकरणाचे कार्य होय. मोबाइलवरील संगीताला या संस्काराची गरज नसल्यामुळे ते ‘फोनो’ जोडणीत कदापि देऊ नये. जुन्या 78 फेऱ्यांच्या तबकड्यांना मात्र रुंद टोकाची निराळी सुईच हवी, हे मी आग्रहाने सांगतो. एलपीची सूक्ष्म सुई त्यांच्या रुंद खाचेच्या तळाशी घसरत जाते आणि खरखर तेवढी वाढते.

स्पीकर आणि टर्नटेबल एकाच मेजावर ठेवल्यास स्पीकरची कंपने सुईपर्यंत पोहोचून घुमघुम उत्पन्न होते, सबब दोहोंसाठी स्वतंत्र बैठक असावी. शहाबादी फरशीवर ध्वनी परावर्तित होतो. तेथे जाड सतरंजी अंथरावी, आणि या अवर्षणप्रवण मुलखातील धुळीपासून बचावासाठी प्रत्येक तबकडी वाजविण्यापूर्वी मऊ कुंचल्याने पुसावी.