बाशिंगापासून डेकूपाजपर्यंत : सोलापूरच्या घरातली कागदकला

जानेवारीत सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांचे सात नंदीध्वज मिरवणुकीने निघतात. यात्रेतला अक्षता सोहळा म्हणजे प्रतीकात्मक लग्नच, त्यामुळे नंदीध्वजांनाही बाशिंग बांधतात. नवरा-नवरीच्या कपाळावरचे साधे बाशिंग एकदा नीट बघा. खाली पुठ्ठा, त्यावर रंगीत कागद आणि बेगड, आणि कापून चिकटवलेली फुले-पाने. ही नक्षी कुणी कुंचल्याने रंगवत नाही, ती कात्री आणि खळ यांच्या जोरावर उभी राहते. हल्ली हौशी मंडळी ज्या कलेचे वर्ग लावतात, ती डेकूपाज याच घराण्यातली आहे. लाकूड, काच, माती किंवा पत्रा अशा कुठल्याही वस्तूवर कापलेली चित्रे चिकटवायची आणि त्यावर व्हार्निशचे इतके हात द्यायचे की बोट फिरवले तरी कागदाची कड लागू नये.

युरोपात ही कला अठराव्या शतकात व्हेनिसमध्ये बहरली. चीन-जपानच्या लाखकाम केलेल्या फर्निचरची तिथे मोठी ओढ होती, पण किंमत परवडणारी नव्हती. मग कारागीर छापील चित्रे कापून कपाटांवर चिकटवू लागले आणि वरून व्हार्निश चढवू लागले. बासानो गावचा रेमोंदिनी छापखाना खास कापण्यासाठीच चित्रांचे ताव छापत असे. इंग्लंडमध्ये मेरी डेलनी या बाईंनी वयाच्या 72व्या वर्षी रंगीत कागदाचे बारीक तुकडे जोडून फुले साकारायला सुरुवात केली. त्यांची 985 कागदी फुले आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. हात स्थिर असेल तर ही कला वय विचारत नाही.

महाराष्ट्रातही चित्रावर साज चढवण्याची हौस जुनीच आहे. राजा रविवर्म्यांचा छापखाना 1894 साली मुंबईत गिरगावात सुरू झाला आणि लक्ष्मी-सरस्वतीच्या तसबिरी घरोघर पोहोचल्या. त्या छापील देवींच्या साड्यांवर बायका जर, टिकल्या, मणी जडवत. सावंतवाडीच्या गंजिफांना चिंचोक्याच्या खळीने आणि लाखेच्या झिलईने टणकपणा येतो. दशावताराचा 120 पानांचा गोल डाव म्हणजे थरावर थर चढवण्याच्या कौशल्याचा नमुनाच.

कागद घरातलाच

या छंदासाठी परदेशी छापील कागदी नॅपकिन विकत घ्यावे लागतात असा समज आहे. ते सुंदर असतात, पण सोलापूरकराला त्यांच्यावाचून अडायचे कारण नाही. शंभराहून अधिक वर्षे दाते पंचांग याच शहरातून निघते आहे. वर्ष संपलेल्या पंचांगाची तिथी-नक्षत्रांची पाने पार्श्वभूमीला विलक्षण शोभतात. जॅकार्ड चादरीची नक्षी भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या कार्डांवरून मागावर उतरते. कारखान्यातून बाद झालेली अशी कार्डे मिळाली तर ती सोडू नका. शुभेच्छापत्राला ती टणक पाठ देतात. आकाशकंदिलाला लावली आणि आत एलईडी दिवा ठेवला, तर प्रत्येक भोकातून प्रकाश झिरपतो.

सर्वात मोठा ठेवा म्हणजे उरलेल्या लग्नपत्रिका. एकाच चित्राच्या दहा-वीस प्रती एरवी कुठे मिळणार? त्यांचे उपयोग पुढे सांगते. एक पथ्य मात्र पाळावे. देवाच्या चित्रावर कात्री चालवायला आपल्याकडे मन धजत नाही, आणि त्या भावनेचा मान राखावा. देवाची चित्रे अखंड ठेवावीत आणि कलश, तोरण, केळीचे खांब, मोर, वेलबुट्टी कापून घ्यावी.

कृती

वस्तू धुऊन, पुसून पूर्ण कोरडी करा. लाकूड असेल तर पॉलिश पेपरने घासून पांढऱ्या अॅक्रिलिक रंगाचे दोन हात द्या, म्हणजे चित्राचे रंग उठून दिसतात. कापताना आतली पोकळ जागा आधी कापावी, बाहेरची कड शेवटी. कात्री स्थिर धरून कागद फिरवला की गोलाई सुबक येते. नॅपकिन वापरत असाल तर त्याचे पदर सोडवून फक्त वरचा छापील पदर घ्या. इंकजेट प्रिंटरवरची छपाई पाण्याने फुटते, लेझर प्रिंट किंवा झेरॉक्स टिकते.

दोन भाग फेविकॉलमध्ये एक भाग पाणी मिसळा. फुगे आणि सुरकुत्या येतात त्याचे कारण साधे आहे: ओला झाला की कागद पसरतो. म्हणून जाड कागद चिकटवण्यापूर्वी क्षणभर पाण्यात बुडवून टिपून घ्या, मग तो आधीच पसरलेला असतो. चिकटवल्यावर मधून कडेकडे हलक्या हाताने दाबत हवा बाहेर काढा. सोलापूरच्या उन्हाळ्यात गोंद बघता बघता वाळतो, तेव्हा सकाळच्या गारव्यात काम करावे.

फेविकॉलऐवजी खळ वापरणार असाल तर एक जपा: पुस्तकबांधणीवाले गव्हाच्या खळीत कीड लागू नये म्हणून मोरचूद घालतात. तो विषारी आहे, त्यामुळे मुलांच्या हाती ती खळ देऊ नका.

एक दिवस वाळू द्या आणि मग पाण्यात मिसळणाऱ्या व्हार्निशचे पातळ हात द्या. तेलाचे व्हार्निश कालांतराने पिवळे पडते. दोन-तीन हातांनंतर बारीक पॉलिश पेपर हळुवार फिरवून पुन्हा हात द्यावा. घरगुती वस्तूला सहा-आठ हात पुरतात, जुने कारागीर तीस-चाळीसही देत. डेकूपाज केलेल्या ताटात थेट खायचे पदार्थ ठेवू नयेत, आणि कागद चिकटवलेल्या पणतीत वात पेटवू नये.

शुभेच्छापत्र

कार्डासाठी 250 ते 300 जीएसएमचा कागद घ्या. पुण्याच्या हातकागद संस्थेत 1940 सालापासून सुती चिंध्यांचा कागद बनतो. कापडाच्या गावाहून जाणाऱ्या पत्राला असा कागद शोभून दिसतो. घडी घालण्यापूर्वी पट्टी लावून, शाई संपलेल्या बॉलपेनने रेघ दाबून घ्या, म्हणजे घडी चिरत नाही.

आता त्या उरलेल्या लग्नपत्रिका काढा. पहिल्या प्रतीतला मोर अख्खा चिकटवा. दुसऱ्या प्रतीतून त्याचा पिसारा आणि मान कापा, तिसरीतून फक्त मान आणि तुरा. मध्ये फोमच्या दुहेरी चिकटपट्टीचे तुकडे ठेवून एकावर एक लावा. सपाट मोर कागदातून वर उठतो.

राज्यात 2018 साली थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली, तेव्हा अनेक घरांत कागदी मखर परतले. संक्रांतीच्या वाणातही असाच बदल करता येईल. हळदीकुंकवाला प्लॅस्टिकच्या डब्या आणि गाळण्या लुटण्याऐवजी हाताने सजवलेली लहानशी लाकडी डबी द्यावी. व्हार्निश पक्के व्हायला दोन-तीन आठवडे लागतात, म्हणून दिवाळीच्या सुट्टीतच सुरुवात करा. मुलांना कात्री द्या, आजीकडून वेलबुट्टी निवडून घ्या आणि जुने पंचांग रद्दीत देण्याआधी एकदा चाळा.