महोगनीची बास गिटार आणि तिचे पिकअप

गेल्या वर्षीं शाळेच्या गायनमंडळांतील एका विद्यार्थ्यानें महोगनी लाकडाची जुनी बास गिटार आणली. उपासनेच्या वेळीं तिचा खर्ज इतका घोंगावूं लागला कीं, गीतांचे शब्द कोणासच कळेनात. "सर, महोगनीचा आवाजच जड म्हणतात. वाद्य विकून टाकावें कीं महाग पिकअप बसवावेत?" असें त्यानें विचारलें. प्रश्न त्याच्या वडिलांच्या कष्टाच्या पैशाचा होता. म्हणून उत्तर विचारपूर्वक देणें आम्हांस भाग होतें. तेंच इतर मुलांच्या व पालकांच्या उपयोगासाठीं येथें देत आहों.

प्रथम पिकअप म्हणजे काय तें पाहूं. लोहचुंबकाभोंवतीं बारीक तांब्याच्या तारेचे हजारों वेढे दिले म्हणजे पिकअप तयार होतो. त्याच्यावर ताणलेली पोलादी तार छेडली कीं चुंबकीय क्षेत्र हालतें व वेढ्यांत क्षीण विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो. ध्वनिवर्धक त्याचा मोठा नाद करितो. यामागील नियम १८३१ सालीं मायकेल फॅरडे यानें शोधिला. हा श्रद्धावान शास्त्रज्ञ लोहाराचा मुलगा असून बुकबाइंडराच्या दुकानांत उमेदवारी करून वाढला होता.

यावरून एक गोष्ट उघड होते. पिकअप लाकूड ऐकत नाहीं. तो तारेची हालचाल टिपतो. लाकडाचा परिणाम तारेच्या कंपनावर होतो खरा. परंतु पिकअपची जात व जागा यांच्या मानानें तो अल्पच होय. अमेरिकेंतील गिब्सन कंपनीच्या दोन वाद्यांचा दाखला घ्या. १९६१ ची ईबी-३ आणि १९६३ ची थंडरबर्ड, दोन्ही महोगनीच्या. पहिलीच्या मानेलगतच्या मोठ्या पिकअपचा खर्ज दाट, पण धूसर. दुसरीचा भरदार असून स्पष्ट. पिकअप निराळे, आणि तारेची लांबीही पहिलीची साडेतीस इंच, तर दुसरीची ३४. लाकूड एकच, पण वाणी दोन!

आतां जागेचा विचार. मानेकडे तार मोठा झोका घेते. म्हणून तेथील पिकअपमध्यें मूळ खर्ज भरपूर येतो. घोडीपाशीं ती थोडकी हालते. तेथें खर्ज कमी व वरचे उपस्वर ठळक, म्हणून नाद रेखीव येतो. ज्या वाद्याचा आवाज घोंगावतो, त्यास घोडीकडील पिकअप हितकारक होय.

पुढें जात. एकेरी वेढ्याचा पिकअप स्वच्छ बोलतो. परंतु घरांतील विजेच्या तारांची, सेकंदाला ५० आवर्तनांची, गुणगुणही पकडतो. बासच्या सर्वांत जाड तारेचा स्वर सुमारें ४१ आवर्तनांचा असल्यामुळें ती गाळूं गेल्यास स्वरही गाळला जातो. यावर १९५५ च्या सुमारास गिब्सनच्या सेथ लव्हर यानें दुहेरी वेढ्याची योजना केली. एक वेढा उलट व त्याचें चुंबकही उलट. त्यामुळें बाहेरची गुणगुण परस्पर नष्ट होते आणि तारेचा नाद दुणावतो. फेंडर कंपनीनें १९५७ सालीं आपल्या प्रिसिजन बाससाठीं दोन तुकड्यांचा पिकअप केला. त्याचा प्रत्येक तुकडा दोन तारा सांभाळतो व गुणगुणही टाळतो. समूहगायनाच्या साथीस हा आम्हांस फार सोयीचा वाटतो.

तथापि खरेदीपूर्वीं बिनखर्चाचे व अल्प खर्चाचे उपाय करावेत. जुन्या तारा बदलाव्या. पिकअप स्क्रूनें थोडा खालीं उतरवावा. चुंबक अति जवळ आल्यास तारेस ओढतें व स्वर बिघडवितें. ध्वनिवर्धकावरील खर्ज कमी करावा. इतकें करूनही न भागल्यास मूळ खोबणीचें माप घेऊन त्यांत बसेल असाच पिकअप घ्यावा. नव्यासाठीं लाकूड कोरूं नये. कोरलेलें लाकूड पुन्हा भरून येत नाहीं.

आमच्या विद्यार्थ्यानें नव्या तारा चढविल्या, मानेकडील पिकअप खालीं उतरविला आणि घोडीकडील पिकअपचा आवाज वाढविला. पुढील रविवारीं गीतांचे शब्द शेवटच्या बाकापर्यंत पोहोंचले. वाद्य विकावें लागलें नाहीं, आणि नवा पिकअपही घ्यावा लागला नाहीं.

मुलांनो, खर्ज हा इमारतीच्या पायासारखा आहे. त्यानें स्वतः मिरवावयाचें नसून इतरांचे स्वर तोलून धरावयाचे असतात. पिकअप निवडतांना तो किती मोठ्यानें वाजतो हें पाहूं नका. तो वाजत असतां शेजारच्याचें गाणें ऐकूं येतें कीं नाहीं, हें पाहा.