ताऱ्याचा उजेड आणि कॅमेऱ्याची खरखर

श्रोतेहो, रेडिओवर दूरचे केंद्र लावले की बोलण्याबरोबर खरखर येते. आवाज वाढवला, तर बोलणे मोठे होते, पण खरखरही तितकीच वाढते. फिकट ताऱ्याचा फोटो घेणाऱ्या शास्त्रज्ञापुढे हाच पेच असतो. दिसलेला ठिपका तारा, की नुसती खरखर?

त्याच्या कॅमेऱ्यात फिल्म नसते, सिलिकॉनची पातळ चिप असते. सी. सी. डी. नावाची अशी चिप १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत बॉइल आणि स्मिथ यांनी शोधली. २००९ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. अंगणात वाट्या मांडाव्यात, तसे तिच्यावर लाखो बारीक चौकोन असतात. प्रकाशाचा कण चौकोनात पडला की बहुधा एक इलेक्ट्रॉन सुटतो. शेवटी प्रत्येक वाटीतले इलेक्ट्रॉन मोजायचे, एवढेच काम.

मग खरखर येते कुठून? तीन वाटांनी. एक, उष्णतेमुळे अंधारातही इलेक्ट्रॉन सुटतात; म्हणून चिप अतिशय थंड ठेवतात. दोन, मोजणाऱ्या यंत्राची थोडी चूक होते. तिसरी वाट मात्र बंद करता येत नाही. पावसात शेजारच्या दोन वाट्यांत सारखे थेंब पडतात का? नाही. तसेच प्रकाशाचे. सरासरी १०० कण येत असतील, तर साधारण १० चा फरक पडायचाच. १०,००० आले तर १०० चा. म्हणजे वर्गमूळाइतका.

आता गंमत पाहा. पहिल्या वेळी खरखर दहावा हिस्सा होती, दुसऱ्या वेळी शंभरावा! उजेड शंभरपट गोळा केला, तेव्हा चित्र दहापट स्वच्छ झाले. चित्र नुसते उजळ करून हे साधत नाही; उजेडच जमवावा लागतो. डिसेंबर १९९५ मध्ये हबल दुर्बिणीने सप्तर्षींजवळच्या जवळजवळ रिकाम्या दिसणाऱ्या तुकड्याचे १० दिवसांत ३४२ फोटो घेतले. ते एकत्र केल्यावर सुमारे ३,००० दीर्घिका दिसल्या.

शिक्षकबंधूंनो, कागदावर २५ चौकोन आखा, वरून १०० मोहऱ्या सारख्या हाताने पसरा आणि मुलांना मोजू द्या. सरासरी चार, पण कुठे दोन, कुठे सहा निघतील. सहाच्या चौकोनात काही विशेष आहे का, असे त्यांना विचारा. खरखर किती हे आधी मोजावे, मगच ‘तारा दिसला’ म्हणावे.