चेपलेली नळी

मारुती 800चं मागचं चाक उतरलं. हातोडीचे दोन ठोके खाऊन ड्रम सुटला, तर आतला व्हील सिलिंडर कोरडा ठणठणीत आणि लायनर जवळपास नवा. अकोल्यातले मिस्त्री हसले, "हे चाक ब्रेक मारतच नव्हतं भाऊ." पेन्सिलीहून बारीक ब्रेकची नळी कुणीतरी दोनदा दुमडून हातोडीनं चेपली होती. सिलिंडर गळत होता, म्हणून त्याचं तेलच तोडलं. दुरुस्तीच्या किटचे पैसे वाचले.

"थांबत तं होती ना! मंग कायले खर्च?" मालक म्हणाला.

थांबत होती, हे खरंच. ब्रेक दाबला की वजन पुढे झुकतं आणि बरंचसं काम पुढची चाकं करतात. मागचं एक मेलं तरी कोरड्या, सरळ रस्त्यावर कळत नाही. अन् वऱ्हाडाचा हा पट्टा सपाट. बडनेरा, मूर्तिजापूर करत अकोल्याला या, घाट म्हणून नाही. याच रस्त्यावर जून 2022मध्ये सुमारे 105 तासांत 75 किलोमीटर डांबरीकरणाचा गिनीज विक्रम झाला. रस्ता गुळगुळीत झाला, वेग वाढला. मारुती 800चं उत्पादन मात्र 2014च्या जानेवारीतच थांबलं होतं.

चेपलेली नळी निदान डोळ्यांना दिसते. मला खरी भीती वाटते तेलाची. ब्रेक ऑइल कमी झालं की हाताशी असलेलं इंजिन ऑइल ओतणारे महाभाग आहेत. त्यानं आतलं रबर फुगतं. फुगलेला वॉशर मास्टर सिलिंडरमधलं परतीचं बारीक छिद्र झाकतो, तेल मागे येत नाही, पाय काढला तरी ब्रेक सुटत नाही, चाक तापत राहतं. पाणी ओतलं तर गंज, आणि शंभर अंशांवर वाफ. बरं, चांगलं तेलही हवेतला ओलावा पितं: डॉट 3 प्रतीच्या तेलाचा उत्कलनबिंदू नवं असताना किमान 205 अंश, ओलावा धरल्यावर 140वर येऊ शकतो. चिखलदऱ्याहून परतवाड्याकडे उतरताना पाय सतत ब्रेकवर असतो. तेल उकळलं की नळीत वाफ होते, वाफ दबते, आणि पेडल थेट जमिनीला टेकतं.

मिस्त्रींनी नवी नळी, नवं किट बसवलं. मालक आत बसला.

"पंप मार. अजून. आता दाबून धर."

पान्यानं हवा काढायचा ब्लीडर सैल झाला. पारदर्शक नळीतून बुडबुडे आले, बराच वेळ नुसते बुडबुडे.

"सोडू?" आतून विचारणा झाली.

"थांब ना बाप्पा."