महाड, पोलादपूर आणि न पकडली जाणारी चूक

महाडचा पिनकोड ४०२३०१ आणि पोलादपूरचा ४०२३०३ असल्यामुळे, ऑनलाइन अर्जात शेवटी एकाच्या जागी तीन पडला तर महाडचे टपाल पोलादपूरच्या वाट्याला जाते; मात्र क्रमांक सहा अंकी आहे आणि त्याची सुरुवात शून्याने होत नाही, एवढेच पाहणाऱ्या संगणक-प्रणालीला त्यात काही वावगे दिसत नाही.

१५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झालेल्या पिनकोड पद्धतीचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यातील वरिष्ठ अधिकारी आणि संस्कृतचे नामवंत कवी होते. ओळख-क्रमांकांची चर्चा आज सर्वत्र होत असताना त्यांचे नाव क्वचितच घेतले जाते, हा त्यांच्यावरील अन्यायच होय. पहिला अंक विभागाचा, पहिले तीन मिळून वर्गवारीच्या जिल्ह्याचे आणि उरलेले तीन टपाल कार्यालयाचे, अशी ही रचना आहे. ती टपालाच्या वर्गवारीशी बांधलेली असल्याने १९८१ साली महाड आणि पोलादपूर ज्यात येतात त्या कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड झाले तरी क्रमांकांना धक्का लागण्याचे कारण नव्हते. चूक पकडण्यासाठी वेगळा अंक तिच्यात नाही. पाकिटावरचे गाव आणि तालुका वाचणारा टपाल कर्मचारी ते काम करीत असे.

संगणकात हे काम तपासणी-अंकाकडे सोपवता येते, म्हणजे मूळ क्रमांकावरून गणिताने काढून त्याच्या शेवटी जोडलेल्या अंकाकडे. महाडच्या अंकांची बेरीज १० येते, तिचे एकक स्थान ० हा तपासणी-अंक मानला, तर शेवटी चुकून तीन पडताच बेरीज १२ होऊन चूक उघडी पडते. परंतु ४०२३०१ चे ४०२०३१ झाले तर बेरीज तीच राहते आणि शेजारच्या अंकांची अदलाबदल निसटून जाते. डच गणिती याकोबुस फेरहूफ यांनी १९६९ साली सुचवलेला उपाय पंचकोनावर आधारलेला आहे. पुठ्ठ्याचा नियमित पंचकोन एक घर फिरवून मग उलटा केला, किंवा आधी उलटा करून मग त्याच दिशेने एक घर फिरवला, तर त्याचे कोपरे वेगवेगळ्या जागी येतात. त्याच्या अशा दहाच स्थिती संभवतात आणि दशमान अंकही दहाच, हा योग विलक्षण सुंदर आहे. क्रम बदलल्यास उत्तर बदलणाऱ्या या क्रियेला प्रत्येक स्थानागणिक अंकांच्या ठराविक फेरबदलाची जोड दिली की एका अंकाची चूक आणि शेजारच्या दोन अंकांची अदलाबदल हमखास सापडते.

नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली येथे २९ सप्टेंबर २०१० रोजी ज्याचे वितरण सुरू झाले, त्या आधार क्रमांकाचा बारावा अंक याच रीतीने निघतो. तरीही तपासणीत उतरलेला क्रमांक कोणाला दिलेला असतोच असे नाही, कारण शेवटचा अंक कोणालाही काढता येतो; क्रमांक खरोखर दिला गेला आहे का, हे नोंदवहीशी ताडूनच ठरते.

टपाल खात्याने २०२५ साली आणलेला दहा चिन्हांचा डिजिपिन अक्षांश-रेखांशांवरून सुमारे चार मीटर बाजूचा चौकोन दाखवतो, त्यामुळे पोलादपूरच्या डोंगरउतारांवर विखुरलेल्या वाड्यांना त्याचा उपयोग निश्चित आहे. मात्र त्यातही तपासणी-चिन्ह नाही. पहिले चिन्ह चुकले तर पत्ता शेकडो किलोमीटर दूर जातो आणि ते लगेच ध्यानात येते, पण शेवटचे चुकले तर तो त्याच वाडीत राहून दुसऱ्याच घरावर पडू शकतो. रुग्णवाहिका बोलावताना हा क्रमांक दूरध्वनीवरून सांगितला जाणार असेल, तर अकरावे चिन्ह त्याला जोडलेच पाहिजे.