पावसाळ्यांतील रेडिओ आणि त्याचे सेल

विजेच्या तारेवर चालणाऱ्या वस्तूंची संवय एकदां जडली म्हणजे तार निर्जीव झाल्यावर आपलें कसें होईल, हा विचार सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. कृष्णाकांठच्या लोकांना मात्र तो करणें भाग पडलें आहे. सांगलीच्या आयर्विन पुलापाशीं नदीचें पाणी ४५ फुटांवर गेलें कीं तें धोक्याच्या पातळीस पोंचलें असें मानतात. ऑगस्ट २०१९ च्या महापुरांत तें ५७ फुटांच्याहि वर चढलें. शहराच्या अनेक भागांतील वीजपुरवठा बंद पडला. आणि जेथें वीज नाहीं तेथें खिशांतला मोबाइल फोन तरी किती दिवस जिवंत राहणार? जुलै २०२१ मध्यें पुन्हां तोच प्रसंग आला.

कुपवाड हें १९९८ पासून सांगली व मिरज यांच्यासह एकाच महानगरपालिकेंत असलें, तरी नदीच्या ऐन कांठावर वसलेलें नाहीं. परंतु घरांत पाणी शिरलें नाहीं म्हणून काळजी टळते असें थोडेंच आहे? कांठावरचे आप्त आश्रयाला आलेले असतात, आणि पाणी चढतें आहे कीं उतरतें आहे, कोणता रस्ता खुला आहे, हें प्रत्येकाला जाणून घ्यावयाचें असतें. सांगलीचें आकाशवाणी केंद्र १९६३ सालीं सुरू झालें. अशा केंद्राचा आवाज अंधाऱ्या घरांत पोंचविण्याचें काम सेलवर चालणारा लहानसा रेडिओ करूं शकतो. मात्र रेडिओ कपाटांत असणें आणि तो बोलता असणें, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. ऐन वेळीं बाहेर काढलेल्या रेडिओंत पाझरून सुकलेल्या सेलचा पांढरा क्षारच हातीं लागला, तर त्याचा उपयोग काय? म्हणून सेल कोणते घ्यावे व कसे ठेवावे, हें आधींच समजून घेतलेलें बरें.

सेलचें कुळ तसें जुनें आहे. लक्लांशे या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८६६ सालीं जस्त, कार्बन आणि मँगॅनीज डायऑक्साइड यांचा विद्युद्घट तयार केला. परंतु त्यांत पातळ द्रव असल्यानें तो हलविणें अवघड होतें. पुढें १८८६ च्या सुमारास गास्नर या जर्मन संशोधकानें त्यांतील द्रवाचा लगदा करून ‘कोरडा’ सेल बनविला. टॉर्च आणि खिशांतले रेडिओ यांचा मार्ग त्यामुळें मोकळा झाला. तरीहि व्हॉल्व्हच्या जुन्या रेडिओला ९० व्होल्टपर्यंतच्या अवजड बॅटऱ्या लागत. १९४७ सालीं ट्रान्झिस्टरचा शोध लागला, आणि आज दोन पेन्सिल सेलवर रेडिओ दिवसेंदिवस चालतो.

सेल निवडतांना पहिला प्रश्न दाबाचा. साध्या व अल्कलाइन सेलचा दाब १.५ व्होल्ट असतो. पुनःपुन्हां भारतां येणाऱ्या निकेल-मेटल-हायड्राइड सेलचा १.२ व्होल्ट. एकामागें एक जोडलेल्या सेलांच्या दाबांची बेरीज होते, म्हणून दोन साध्या सेलांचे ३ व्होल्ट होतात आणि दोन भारण्याजोग्या सेलांचे २.४. हा आंकडा पाहून पुष्कळजण भारण्याजोगे सेल दुबळे समजतात. तें सर्वस्वीं खरें नाहीं. अल्कलाइन सेलचा दाब वापराबरोबर सारखा उतरत जातो आणि आयुष्याच्या मध्यावर तोहि १.२ च्या आसपासच येतो. उलट भारण्याजोगा सेल जवळजवळ अखेरपर्यंत आपला दाब टिकवून धरतो. यंत्र २.२ व्होल्टपर्यंत नीट चालत असेल, तर त्याला दोन्ही मानवतात.

दुसरा प्रश्न यंत्राच्या भुकेचा, म्हणजे प्रवाहाचा. ही भूक मिलिअँपिअरमध्यें मोजतात. मोजण्याची युक्ति सोपी आहे. पातळ पुठ्ठ्याच्या दोन्ही बाजूंस धातूचा वर्ख चिकटवावा, तो पुठ्ठा सेल आणि स्प्रिंग यांच्यामध्यें सरकवावा, आणि मल्टिमीटरचीं दोन टोंकें दोन वर्खांना लावावीं. म्हणजे सारा प्रवाह मीटरमधून जातो. मीटर प्रवाहाच्या मापावर असतांना तीं टोंकें सेलच्या दोन टोंकांना सरळ कधींच लावूं नयेत. तसें केल्यास सेल व मीटर दोहोंचीहि हानि होते.

तिसरा प्रश्न सांठ्याचा. समजा, रेडिओला मध्यम आवाजांत ४० मिलिअँपिअर लागतात. चांगल्या अल्कलाइन पेन्सिल सेलमधून सुमारें २,००० मिलिअँपिअर-तास मिळतात. २,००० ला ४० नें भागलें कीं ५० तास येतात. रोज तीन तास ऐकल्यास सोळा दिवसांची तरतूद झाली. आवाज मोठा करून तीच भूक १०० वर नेली, तर वीस तासांतच, म्हणजे आठवड्याच्या आंत, रेडिओ मुका होईल. सेल दोन आहेत म्हणून तास दुप्पट होत नाहींत. एकामागें एक जोडल्यानें दाब वाढतो, सांठा नव्हे. नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी पाहून पुष्कळांना ती अधिक बलवान् वाटते. पण तिच्या पोटांत सहा चिमुकले सेल असतात आणि तिचा सांठा ५०० मिलिअँपिअर-तासांच्या आसपासच भरतो.

आतां निवड पाहूं. जस्त-कार्बनचा साधा सेल स्वस्त खरा, पण त्याचा सांठा अल्कलाइनच्या निम्म्याहूनहि कमी. शिवाय वापरतांना त्याचें जस्ताचें कवचच झिजतें, म्हणून तो लवकर पाझरतो. भिंतीवरच्या घड्याळाला तो पुरेसा आहे. भारण्याजोगे सेल रोजच्या ऐकण्याला उत्तम आणि अखेर स्वस्त पडतात; परंतु साध्या प्रकारचे कपाटांत पडल्यापडल्याच रिते होत जातात. ‘कमी आत्मक्षय’ असलेले नवे प्रकार वर्षानंतरहि आपला बराचसा भार राखून असतात. तरीहि एकदां रिकामे झाल्यावर त्यांना विजेचीच गरज लागते, आणि पुरांत नेमकी तीच नसते. म्हणून संकटासाठीं राखून ठेवण्याचा मान अल्कलाइन सेलालाच द्यावा लागतो. वेष्टनांत बंद असतां तो कित्येक वर्षें टिकतो, आणि त्याची मुदत वेष्टनावर छापलेली असते.

मोबाइल भारणारी पॉवर बँक घरांत असतांना सेल हवेतच कशाला, असें कोणी विचारील. त्याला तीन उत्तरें आहेत. एक, तिच्यावर छापलेले १०,००० मिलिअँपिअर-तास आंतील सुमारें ३.७ व्होल्टचे असतात; बाहेर ५ व्होल्ट देतांना ते सहा-साडेसहा हजारच उरतात. दुसरें, रेडिओसारखी अल्प भूक पाहून अनेक पॉवर बँका ‘काम संपलें’ असें समजून आपोआप बंद पडतात. तिसरें उत्तर रेडिओपुरतें सर्वांत महत्त्वाचें आहे. दाब वाढविणारें तिच्यांतील मंडल अतिवेगानें चालूबंद होत असतें, आणि त्याची खरखर मध्यम लहरींवरील क्षीण ध्वनींत मिसळते. आंत असेंच मंडल असलेल्या १.५ व्होल्टच्या लिथियम पेन्सिल सेलांतहि हा दोष आढळतो. साध्या रासायनिक सेलांत असें मंडलच नसल्यामुळें त्यांच्यावर रेडिओ स्वच्छ ऐकूं येतो. पॉवर बँक फोनसाठीं व दिव्यासाठीं राखावी.

राहिली निगा. जुना व नवा, किंवा दोन निरनिराळ्या जातींचे सेल एकत्र घालूं नयेत. दुबळा सेल आधीं रिता होतो, बलवान् सेल त्याच्यांतून प्रवाह ढकलीतच राहतो, आणि तो पाझरतो. रेडिओ महिनोन्‌महिने वापरावयाचा नसेल तर सेल काढून वेगळे ठेवावे. उष्णतेनें त्यांचें आयुष्य घटतें, म्हणून उन्हाळ्यांत पत्र्याच्या तापलेल्या खोलींत ते ठेवूं नयेत. बटणासारखे लहान सेल मुलांच्या हातीं लागूं देऊं नयेत. असा सेल गिळला गेल्यास अन्ननलिका दोन तासांतहि भाजूं शकते, म्हणून तत्काळ रुग्णालय गांठावें. संपलेले सेल केरांत न टाकतां वेगळे जमवून गोळा करणाऱ्यांच्या स्वाधीन करावे. भारत सरकारनें २०२२ सालीं यासाठीं नियमहि केले आहेत.

मृगाचा पाऊस सुरू होण्यापूर्वी छत्र्या दुरुस्त करण्याचा प्रघात आपल्याकडे आहेच. त्याच दिवशीं रेडिओ काढून घटकाभर वाजवून पाहावा, त्याच्या स्प्रिंगा पुसाव्या, आणि बंद वेष्टनांतील सेलांचा एक संच त्याच्या शेजारीं ठेवून द्यावा. खर्च शंभर-दोनशे रुपयांचा. पण नदी चढत असलेल्या रात्रीं घरांतल्या माणसांना खरी बातमी मिळते, आणि अफवेला दार बंद होतें.