विजेचा वणवा आणि डोंगरातली घरे

अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यात, रॉकी पर्वताच्या पूर्व उतारावर, 9 जून 2012 रोजी फोर्ट कॉलिन्स शहराच्या पश्चिमेला भडकलेला ‘हाय पार्क’ वणवा वीज पडून लागला होता. तो आटोक्यात येईपर्यंत जून महिना सरला, 87,000 एकरांहून अधिक प्रदेश आणि 259 घरे जळाली आणि एका रहिवाशाचा जीव गेला.

विजेने लागलेली आग लगेच दिसतेच असे नाही. हवा फार कोरडी असली की ढगातून सुटलेला पाऊस जमिनीवर पोहोचण्याआधीच वाफ होऊन विरतो, वीज मात्र खाली पोहोचते. अशा कोरड्या वादळात पेटलेले खोड किंवा मुळांशी साचलेला पालापाचोळा कित्येक दिवस आतल्या आत धुमसत राहतो आणि वारा सुटताच भडकतो. त्या वर्षी डोंगरांवर बर्फ फार कमी पडले होते आणि सालीखाली पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांनी मारलेले असंख्य पाइन वृक्ष उत्तर कोलोरॅडोत उभ्या उभ्या वाळले होते. शिवाय, लागलेली प्रत्येक आग दुसऱ्या दिवशी सकाळी 10 वाजेपर्यंत आटोक्यात आणण्याचे जे धोरण अमेरिकी वनसेवेने 1935 मध्ये स्वीकारले, त्यामुळे पूर्वी जमिनीलगतच्या लहान वणव्यांत जळून जाणारे गवत, झुडपे आणि कोवळी रोपे कमी उंचीवरील जंगलांत दशकानुदशके साचत गेली.

तरीही घरे जळण्याचे कारण केवळ जंगलात शोधणे अपुरे ठरते. वनसेवेतील शास्त्रज्ञ जॅक कोहेन यांनी प्रयोगांतून आणि जळालेल्या वस्त्यांच्या पाहणीतून दाखवून दिले, की घराचे भवितव्य मुख्यतः ते घर आणि त्याभोवतीचा सुमारे 30 मीटरचा परिसर यांवर ठरते, कारण बहुतेक घरे ज्वाळांच्या लोंढ्याने नव्हे, तर वाऱ्याबरोबर पुढे उडत येणाऱ्या निखाऱ्यांनी पेटतात. छपराच्या पन्हळीत अडकलेली सूचिपर्णे, भिंतीला टेकून रचलेली सरपणाची चवड, लाकडी ओटा, जाळी नसलेला झरोका, एवढे त्यांना पुरते; म्हणूनच घराची राख झालेली असताना शेजारचे झाड हिरवे राहिल्याचे दृश्य अशा वस्त्यांत आढळते. परिसर स्वच्छ ठेवणे, ज्वलनरोधक छप्पर घालणे आणि झरोक्यांना बारीक जाळी लावणे हे उपाय, दरीतील अरुंद, चढणीच्या रस्त्यांवरून बंब वेळेत पोहोचेल या आशेपेक्षा निश्चितच भरवशाचे आहेत. मात्र जिथे दोन घरांतले अंतर 30 मीटरांहून कमी असते, तिथे शेजाऱ्याचे पेटते घरच सर्वांत मोठे इंधन ठरते आणि एकट्याने घेतलेली काळजी अपुरी पडते.